टिपकागद

"डाग आहे," मी म्हणाले.

शेडमध्ये तेव्हा आम्ही चौघं होतो आणि डाग चौघांनाही दिसला होता, पण तोंडानं म्हणणारी मी एकटी. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्या नजरेनंच मी चहाचे रिकामे कप गोळा करून बाहेर पडले असते. त्या सकाळी मी जागची हलले नाही. त्यांच्या उघड्या तळहातावर टिपकागदाचा तुकडा होता आणि त्याच्या मधोमध एक तेलकट गोल उमटला होता.

"हवा गार आहे आज," आत्याबाई म्हणाल्या. "उडेल. थांबा जरा."

"बाई, माझा चहा पिऊन कप वाळला. अजून किती थांबायचं?" आमचं तेल विकत घेणाऱ्या मलमवाल्यांनी तो कागद चिमटीत उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. डागाच्या जागी कागद आरपार दिसत होता.

माझा नवरा, म्हणजे आत्याबाईंचा भाचा, एकदा कागदाकडे आणि एकदा आत्याकडे बघत होता. भट्टी कागदोपत्री त्याची आहे, पण तिथे उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याला खोकला येतो. तसा तो आताही आला.

आमच्याकडे लव्हेंडरचं तेल निघतं. जांभळे तुरे तांब्याच्या भट्टीत दाबून भरायचे, खालून वाफ द्यायची, झाकणाची फट कणकेनं लिंपायची. वाफ थंड पाण्यातल्या नळीतून फिरून येते आणि काचेच्या बरणीत खाली पाणी, वर तेल असं वेगळं होतं. तेल मलमाला जातं, साबणाला जातं, कपाटातली कसर घालवायला जातं, ज्यांना झोप येत नाही त्यांच्या उशाला जातं. पाणी इस्त्रीवाल्या बायका नेतात, कपड्यांवर शिंपडायला.

हे तेल खायच्या तेलासारखं नसतं. ते उडतं. टिपकागदावर थेंब टाकला तर एक चहा होईपर्यंत थेंब जातो आणि त्याची खूणही जाते, वास तेवढा मागे राहतो. डाग राहिला तर समजायचं, कोणीतरी आत स्वस्तातलं खायचं तेल ओतलंय. दर खेपेला गिऱ्हाइकासमोर ही परीक्षा होते, आणि कागद टेबलावर ठेवायचा नाही, भट्टी सांभाळणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचा. हाताच्या उबेनं थेंब लवकर उडतो म्हणे. ही पद्धत आत्याबाईंच्या वडिलांची, आणि वडिलांच्या पद्धतीत काडीचा बदल केलेला आत्याबाईंना खपत नाही.

"हे भाजलेल्या माणसाच्या अंगावर जातं, बाई," मलमवाले म्हणाले. "हॉस्पिटलात जातं. कोणाची जखम चिघळली तर लोक माझी गचांडी धरतील, तुमची नाही. मी उद्या सकाळी मागचे डबे घेऊन येतो. तोवर घरात काय ते ठरवा. ज्यानं घातलं त्याला भट्टीपासून लांब करा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

ते गेले. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. आई मांडीवर डोकं घेऊन तेल जिरवायची. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी आत्याबाई मला शेडमध्ये घेऊन गेल्या. मला वाटलं, कौतुकानं भट्टी दाखवतायत. त्यांनी दाखवला भिंतीवरचा खिळा. खिळ्याला एक पिवळा पडलेला टिपकागद टोचलेला होता आणि त्यावर डाग होता.

"बघून ठेव," त्या म्हणाल्या. "हा माझ्या सख्ख्या बहिणीचा. तिला मी ठेवली नाही, तर तुला ठेवीन असं समजू नकोस. केसाला तेल नाही, अंगाला क्रीम नाही, तळणाच्या हातानं इथे पाय ठेवायचा नाही."

तेव्हापासून माझ्या केसांचा काथ्या झालाय. माहेरी जाऊन चोरून तेल लावलं आणि येताना दोनदा डोकं धुतलं, तरी आत्याबाई फाटकातच नाक उडवून म्हणायच्या, "आधी न्हाऊन ये." जेवताना, झोपताना, पोरांना मांडीवर घेताना माझ्या हातांचा हिशेब त्यांच्याकडे द्यायचा. अशा बाईच्या तळहातावर डाग निघाला तर मी काय रडायचं होतं?

ती सख्खी बहीण, धाकटी आत्या, आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहते आणि इस्त्रीचं काम करते. पूर्वी दोघी बहिणी मिळून भट्टी चालवायच्या. एका खेपेला धाकटीच्या हातावर कागद होता आणि डाग राहिला. चांगलं तेल चोरून विकते आणि त्या जागी खायचं तेल ओतते, असं म्हणत आत्याबाईंनी तिला गिऱ्हाइकासमोर हाकलून दिली. धाकटीची पोरगी तेव्हा पाळण्यात होती. गावभर नाव झालं, पुढे तिला कोणी कामाला ठेवेना. बाकीच्या इस्त्रीवाल्या आमचं फुलांचं पाणी नेतात, धाकटी साध्या नळाच्या पाण्यानं इस्त्री करते. रस्त्यात समोरासमोर आल्या की धाकटी थुंकते आणि आत्याबाई तोंड फिरवतात. दोघींना एकमेकींची वेळ अगदी पाठ आहे.

आता खिळ्याला दुसरा कागद लागणार, या विचारात मी मजेत स्वयंपाक केला. ती मजा जेवणापर्यंतच टिकली.

"बरणीतलं तेल डब्यात कोण भरतं?" ताटावर बसल्या बसल्या आत्याबाईंनी विचारलं.

"ही," नवरा म्हणाला.

"मग माझ्याकडे काय बघतोस?"

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "म्हणजे? मी घातलं?"

"मी नाव घेतलं का?"

"नाव घ्यायचं काय बाकी ठेवलंत?"

"उद्यापासून ही भट्टीवर नको," आत्याबाई भाच्याला म्हणाल्या. मी जणू तिथे नव्हतेच. "त्यांना सांग, डबे भरणारा हात बदलला. विषय संपला."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाताशी खेळत होता. "चुकून एखादा तेलकट डबा..." तो हळूच म्हणाला, "चुकून होऊ शकतं गं."

"चुकून? उद्या माझा कागद खिळ्याला टोचतील, तेव्हा खाली 'चुकून' असं लिहिणार आहेस का?"

"मग कोणी घातलं? आत्यानं?"

"तिला विचारायची तुझी छाती नाही, म्हणून मला विचारतोयस."

जेवण कोणाचंच धड झालं नाही. मी भांडी आदळली, आत्याबाईंनी त्यांच्या खोलीचं दार आदळलं आणि नवरा पंक्चर काढायला म्हणून सायकल घेऊन निघून गेला. सायकलला काही झालेलं नव्हतं.

माझ्या अंगाची आग आग होत होती. या घरात मी खूप ऐकून घेतलं होतं, पण चोर कोणी म्हटलं नव्हतं. आणि माझ्या डोळ्यासमोर सारखी धाकटी आत्या येत होती, रस्त्यात उभी राहून थुंकणारी. उद्या रस्त्याच्या या टोकाला मी थुंकत उभी राहणार होते. मी शेडमध्ये गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि सकाळच्याच डब्यातला एक थेंब नव्या टिपकागदावर टाकला. हातावर कागद धरायचा मला अधिकार नाही, म्हणून तो खिडकीच्या फुटलेल्या काचेच्या तुकड्यावर ठेवला. आणि बघत बसले.

थेंब पसरला, आटला, गेला. कागद कोरा झाला. मी दुसऱ्या डब्यातला थेंब टाकला. तोही गेला.

तेल स्वच्छ होतं. मग डाग कुठून आला? सकाळचा कागद टेबलावर तसाच पडला होता. मी तो उलटा केला. खालच्या बाजूनं डाग जास्त गडद होता, आणि त्याच्या आजूबाजूला पुसट रेघा होत्या, तळहाताला असतात तशा. डाग वरून खाली गेलेला नव्हता. खालून वर आला होता.

मी दोन्ही कागद घेऊन तडक आत्याबाईंच्या खोलीकडे गेले. दिवेलागणीची वेळ होती, दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. समोर स्टुलावर पातेलं, त्यात कोमट तेल, आणि त्या तेलात मनगटापर्यंत दोन्ही हात. खोलीत खायच्या तेलाचा वास कोंडला होता. ज्या बाईनं मला इतकी वर्षं केसाला तेलाचं बोट लावू दिलं नाही, तिच्या खोलीत.

"दार वाजवायची पद्धत असते," त्या म्हणाल्या.

"चोर म्हणायच्या आधी विचारायचीही पद्धत असते." मी कागद पलंगावर ठेवले. "हा तेलाचा. हा तुमच्या हाताचा."

त्यांनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. हात वर काढले. बोटं आत वळलेली होती, सांधे सुजून गाठी झालेल्या. मूठ पुरती मिटतही नव्हती आणि पुरती उघडतही नव्हती. भट्टीवर त्या नेहमी पदराआड, पिंपाआड काहीतरी करत असायच्या. मला वाटायचं, माझ्यापासून कसब लपवतायत.

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय? असे ठेवले नाहीत तर सकाळी झाकण फिरत नाही. कणीक मळता येत नाही." त्या पातेल्याकडे बघत बोलत होत्या. "साबण लावते. राखेनं घासते. वाटलं, निघत असेल सगळं."

"भेगांतलं निघत नाही."

"कळलं मला ते."

"सकाळीच कळलं! आणि तरी माझ्यावर ढकललंत?"

"तू तरुण आहेस," आत्याबाई म्हणाल्या. आवाजात जराही शरम नव्हती. "चार दिवस आदळआपट करशील, मग विसरशील. तुला नवरा आहे, पोरं आहेत. हात गेले म्हणून मला घरी बसवलं, तर मी कोण आहे या घरात? भिंतीला टेकून बसलेली म्हातारी."

"विसरेन? तुमची बहीण विसरली?"

"तिचं नाव काढू नकोस."

मला थांबायला हवं होतं. पण त्यांना लागेल असं काहीतरी मला हवं होतं, आणि तोंडात आलं ते मी फेकलं. "तिची पोरगी तेव्हा पाळण्यात होती ना? सकाळी उठून तिला तेलानं चोळायचं कोण, तुम्ही की ती?"

मी हे शहाणपणानं बोलले नव्हते. बोलून गेल्यावर मलाच त्याचा अर्थ लागला, आणि त्याच वेळी तो त्यांनाही लागला. त्यांचे हात तसेच पातेल्यावर अधांतरी राहिले. बोटांवरून तेल गळत होतं. त्यांचा चेहरा मी सगळ्या तऱ्हांनी पाहिलाय, रागानं, तुच्छतेनं, दुखण्यानं. असा पाहिला नव्हता.

"नीघ इथून," त्या म्हणाल्या.

मी निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा झाला होता आणि मला तो परत घ्यावासा वाटत होता. नवऱ्याला मी काहीच सांगितलं नाही. दया आली म्हणून नव्हे, तेवढं नक्की. त्या काय करतात ते मला बघायचं होतं.

सकाळी मलमवाले डबे घेऊन आले तेव्हा आत्याबाई शेडच्या बाहेर उभ्या होत्या. दार उघडं होतं, तरी बाहेरच.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. मला त्या 'अगं' म्हणतात, फार तर 'ही'. म्हणून आधी मी मागे वळून पाहिलं. "हात धू. काच पूस आणि तिच्यावर कागद ठेव. थेंब तू टाक. यांनी सांगितलेल्या डब्यातला."

मलमवाल्यांनी डबा निवडला, मी थेंब टाकला. आत्याबाईंनी एक कोरा कागद मागून स्वतःच्या तळहातावर ठेवला. त्यावर थेंब टाकला नाही.

"हे काय नवीन?" नवऱ्यानं विचारलं.

"चहा आण," त्या म्हणाल्या.

चहा झाला. माझा कागद कोरा होता. थेंब न पडलेल्या कागदावर डाग होता.

"तेलात काही नाही," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या हातात आहे. सांधे धरलेत, म्हणून रात्री तेलात ठेवते. काल सांगायला हवं होतं, सांगवलं नाही." मग माझ्याकडे हनुवटी उडवून, "आता भट्टी ही बघेल. हिच्या तोंडाचा पट्टा वाईट आहे. हात स्वच्छ आहेत."

"बाई, असं होतं तर..." मलमवाले गडबडले. "म्हणजे, तुम्ही नुसतं बसून..."

"हो आत्या, तू नुसती देखरेख कर," नवरा म्हणाला.

"तू गप रे." त्या माझ्याकडे वळल्या. "खिळ्याचा तो कागद काढ. माझ्याकडे दे आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तुला माहितीये कुठे."

रस्ता काही लांबचा नाही, पण आत्याबाई तो चालत असताना लोक दारात येऊन उभे राहिले. धाकटी आत्या टेबलापाशी उभी राहून चादरीला इस्त्री करत होती. आम्हाला पाहून तिनं इस्त्री उभी ठेवली. थुंकली मात्र नाही, घर तिचंच होतं.

"रस्ता चुकलीस?"

"त्या दिवशी पोरीला चोळून आली होतीस," आत्याबाई म्हणाल्या.

"रोजच यायचे."

"हात धुतले होतेस?"

"तुझ्यासमोर धुतले होते. तूच साबण दिला होतास."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले नाही?" धाकटीचा आवाज चढला. "पोरीचं तेल असेल ताई, पोरीचं तेल असेल, असं ओरडत होते मी. फाटकापर्यंत ओरडत होते. तू म्हणालीस, कागद खोटं बोलत नाही."

दोन्ही वाकड्या हातांत धरलेला तो पिवळा कागद आत्याबाईंनी पुढे केला. "माझंच चुकलं. आता माझेही हात तसेच झालेत."

"म्हणून आलीस. तुझे हात खराब झाले, तेव्हा माझे आठवले." धाकटीनं कागद घेतला, उलटसुलट पाहिला. माझ्याकडे वळून म्हणाली, "हाच ना गं खिळ्यावरचा? येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा?"

मी मान हलवली.

तिनं कागद टेबलावर पसरला आणि त्यावर इस्त्री दाबून धरली. जळकट, खवट वास आला. इस्त्री उचलली तेव्हा डाग आणखी पसरला होता.

"कपड्यावर तेलाचा डाग पडला ना ताई, की मी वर टिपकागद ठेवते आणि इस्त्री फिरवते," ती म्हणाली. "डाग कपडा सोडून कागदात येतो. रोजचं काम आहे माझं. पण कागदातला डाग कशात काढू, सांग."

धाकटीनं तो गरम कागद आत्याबाईंच्या हातात दिला, माझ्या नाही. मग साध्या पाण्यात बोटं बुडवून चादरीवर शिंपडली आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. आम्ही परत आलो. वाटेत आत्याबाई एकदाच बोलल्या. "चादर चांगली करते," असं म्हणाल्या.

आता भट्टी मी चालवते. खिळा रिकामा आहे. नवरा तो उपटायला निघाला होता, मीच नको म्हटलं. केसाला मी अजून तेल लावत नाही. आत्याबाई शेडच्या उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून दिवसभर बसतात आणि तिथून माझा जीव खातात. जाळ जास्त झाला, कणीक सैल झाली, फुलं काय रद्दीसारखी भरतेस. आम्ही भांडतो. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं, आणि त्यानं मला जास्तच राग येतो.

परवा एका खेपेला बरणीतलं तेल नेहमीसारखं वर येईना. पाणी गढूळ दिसत होतं. ऊन नळीवर आलं म्हणून असेल की जाळानं, मला काही कळेना. "आत्याबाई, आत या ना जरा," मी म्हणाले. "बघा हे."

त्या उठल्या. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"माझ्या हाताला तेल आहे," त्या म्हणाल्या. "बरणी इकडे आण."

मी बरणी उंबऱ्याशी नेली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि लांबूनच, वाकून, आत पाहिलं.